बुटातला बिब्बा

मी बूट बोलतोय. डाव्या पायाचा, खिळ्यांचा. जरा लांबूनच ऐका. परक्या माणसावर माझा विश्वास नाही, आणि ओळखीच्यावर तर मुळीच नाही!

माझा धनी लोणंदचा केरबा, उजव्या हाताचा फास्ट बॉलर. रणजीचे दोन हंगाम खेळला. चेंडू टाकताना त्याचा सगळा भार माझ्यावर यायचा. मी रेषेच्या आत असलो तरी पंच 'नोबॉल' ओरडायचे. मग केरबाला संघातून वगळलं. मनात म्हटलं, सगळे सामील आहेत.

शहात्तर साली सांगलीत निवडीचा सामना लागला. केरबा तिशीला आलेला. "आये, ही शेवटचीच संधी हाय," तो रंगूबाईला म्हणाला.

पण जागा एकच, आणि दुसरा बॉलर होता सांगलीचा अजितकुमार, हळदीच्या व्यापाऱ्याचा मुलगा. केरबाला चहा काय पाजायचा, माझ्यावरची माती काय झटकायचा! एवढी माया कशाला? मी डोळ्यांत तेल घालून होतो.

पहिल्या दिवशी केरबानं चार गडी टिपले. संध्याकाळी पाय चुरचुरू लागला. सकाळी बघतो तर टम्म सुजलेला, वर फोड. माझ्यात मावेचना.

अजितकुमारनं मला उचलून आत चाचपलं. माझ्या जिभेखाली, मलाही नकळत, काळ्या दोऱ्यानं काहीतरी शिवलेलं होतं, आणि ते चेंगरून तेल पाझरलं होतं.

"गड्या, बिब्बा उतलाय! कुणी घातला रं?"

चोराच्या उलट्या बोंबा, मला वाटलं. लोक नुसतं 'कामात बिब्बा घातला' म्हणतात, यानं खराच घातला!

केरबा दोऱ्याकडे बघत राहिला. "ह्यो टाका आयचा हाय. वाकळंला असाच घालती. दिष्ट लागू ने म्हनून शिवला आसंल."

अजितकुमारनं धावत जाऊन खोबरेल आणलं आणि स्वतःच्या हातानं त्याच्या पायाला चोळलं. मला फार लाज वाटली. निवड अजितकुमारची झाली.

घरी रंगूबाईनं पट्टी बघितली. "काय झालं रं?"

"मुरगाळला, आये."

"तरी बरं, मी बुटात बिब्बा शिवला हुता! न्हाईतर मोडलाच आस्ता."

"व्हय आये. लय बरं केलंस."

केरबा पुन्हा मोठा सामना खेळला नाही. रंगूबाईनं मला दारावर उलटं टांगलंय, घराला दिष्ट लागू नये म्हणून. लोणंदला आलात तर तिच्यापुढं त्या सामन्याचा विषय काढू नका. आपल्या बिब्ब्यानं लेकाचा पाय वाचला, असं ती अजून बायकांना सांगते. केरबा शेजारी बसून मान हलवतो.