माघारीचा भंडारा

बिरोबाच्या देवळात दर रविवारी वाडीच्या कपाळाला भंडारा लावायचा मान म्हस्कू आबांचा. त्या रविवारी मात्र माणसं देवापुढच्या ताटात आपलीच बोटं बुडवत होती, हळद लावून घेत होती आणि आबांकडं न बघता जात होती. सारजा खांबाशी उभी राहून ते बघत होती. नवऱ्याचा असा पाणउतारा तिनं चाळीस वर्षांत पाहिला नव्हता.

सरपंचपदाला आबांच्या रूपानं वाडीचा माणूस पहिल्यांदाच उभा राहिला होता. पोरांनी ट्रॅक्टरसुद्धा सजवला होता. माघारीच्या आदल्या दिवशी गावातली बडी मंडळी आबांच्या घरी आली आणि भंडारा उचलून म्हणाली, "आबा, तुमी माघार घ्या, वाडीला पक्का रस्ता आमी देतो." भंडारा हातात घेऊन कुणी खोटं बोलत नाही. आबांनी इंदापूरला जाऊन अर्ज मागं घेतला आणि वाडीत कुजबुजीला ऊत आला. म्हाताऱ्यानं वाडी विकली म्हणे! ट्रॅक्टर सजवणाऱ्या भीमानं तर आबांच्या फोटोचा फलक काढून गोठ्याच्या भगदाडाला लावला.

खरं काय ते सारजाला ठाऊक. गेल्या पावसाळ्यात सून मनिषाला कळा सुटल्या, तेव्हा बाजेवर घालून चिखल तुडवत डांबरी गाठेपर्यंत उशीर झाला. बारामतीला पोचेस्तोवर नातू गेला होता. म्हणूनच बडी मंडळी येऊन गेली त्या संध्याकाळी सारजा आबांना म्हणाली होती, "खुर्ची घिऊन काय करायचं? रस्ता घ्या."

आता आबांची सख्खी बहीण रंगूबाई, तीही भावाला टाळून निघाली. सारजाला राहवलं नाही.

"वन्सं, थांबा! त्यास्नी बोल लावू नगा. माघार घ्या म्हणून मीच सांगितलं."

सगळ्यांच्या नजरा आधी सारजावर गेल्या, मग तिच्यामागं उभ्या असलेल्या मनिषावर. "सुनेपायी व्हय!" कुणीतरी पुटपुटलं. मनिषानं पदर तोंडावर ओढला.

आबांनी सुनेकडं पाहिलं. मग मुठीत भंडारा घेऊन म्हणाले, "खोटं बोलती ती. मला वाचवाया बगती. माघार माजी हाय. घरात कुणाला इचारलं न्हाय."

"वाटलंच हुतं," म्हणत रंगूबाई पायऱ्या उतरली. तिच्यामागं सगळी वाडी गेली.

सारजानं पुढं होऊन कपाळ वाकवलं. आबांनी बोट उचललं नाही. मूठ हळूच ताटात मोकळी केली आणि ताट तिच्यापुढं सरकवलं.

"तुजं तूच लाव," ते म्हणाले. "ह्या हातानं आता लावता येत न्हाय."