कुंपणापलीकडची रशियन आजी

सूर्यकांत शेलार सरांना कुणी पंजाबी म्हटलं की त्यांचं पित्त खवळायचं. कराडच्या शाळेत चौतीस वर्षं भूगोल शिकवलेला माणूस, त्याला प्रांत चुकलेला कसा चालेल? कॅनडात मिल्टनला मुलाकडे येऊन त्यांना दोन वर्षं झाली होती आणि या दोन वर्षांत निम्म्या गावाला त्यांनी धडा दिला होता. ग्रोसरीच्या काउंटरवर बिचारी मुलगी सहज विचारायची, "पंजाबी?" की सरांचं पेन खिशातून बाहेर. मिळेल त्या कागदावर भारताचा नकाशा एका दमात काढायचा आणि बजावायचं, "धिस, पंजाब. धिस, महाराष्ट्र. फिफ्टीन हंड्रेड किलोमीटर्स!" मागे रांग खोळंबायची. बायको अरुणा ट्रॉलीवर हात ठेवून दुसरीकडे बघायची आणि त्या वेळेपुरती आपली यांच्याशी ओळखच नाही असं दाखवायची.

"अहो, म्हणू दे की," ती बाहेर आल्यावर म्हणायची. "अंगाला भोकं पडतात का?"

"पडतात," सर म्हणायचे. "माणसाचं गाव चुकवणं म्हणजे त्याचा बाप चुकवण्यासारखं आहे."

वाक्य जोरदार होतं. सरांना ते फार आवडायचं, म्हणून ते वरचेवर म्हणायचे. हेच वाक्य एक दिवस आपल्याच डोक्यात बसणार आहे, हे त्यांना तेव्हा कुठं माहीत होतं!

मागच्या ऑक्टोबरात शेजारच्या घराच्या बेसमेंटमध्ये हालिना नावाची सत्तरीची बाई आणि तिची मुलगी भाड्यानं राहायला आल्या. मुलगी दिवसभर कामावर. हालिना एकटीच बॅकयार्डमध्ये हिंडायची, फोनवर मोठ्यानं बोलायची, लोणच्याच्या बरण्या पायरीवर उन्हात मांडायची. सरांनी कुंपणावरून तिची बोली ऐकली, बरण्यांवरची अक्षरं पाहिली आणि घरात येऊन जाहीर केलं, "शेजारी रशियन आजी आल्यात."

आठवड्याभरात कळलं की बाई युक्रेनची. पण तोवर नाव पडून गेलं होतं. दुरुस्त करायचं ते सरांनीच, आणि सरांना त्यात दुरुस्त करण्यासारखं काही वाटलंच नाही. चौतीस वर्षांपैकी पहिली कितीतरी वर्षं त्यांनी फळ्यावर लिहून दिलं होतं: 'युक्रेन हे रशियाचे धान्याचे कोठार होय.' रिकाम्या जागा भरा, एक गुण. पुढे देश वेगळे झाले, पुस्तकं बदलली, सरांनी नवे नकाशेही शिकवले. जिभेवरचं मात्र तेच राहिलं.

मग ओळख वाढली, आणि ती वाढली मातीवरून. वसंतात हालिनाला वाफा करायचा होता. बिल्डरनं अंथरलेल्या हिरवळीखाली नुसती चिकणमाती निघाली. ती चिमटीत घेऊन हालिनानं तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, "आमच्याकडे चोर्नोझेम." सर कुंपणाशी धावले. चेर्नोझेम! गवताळ प्रदेशातली काळी, कुजलेल्या गवतानं पोसलेली माती! एवढी वर्षं जी फक्त फळ्यावर लिहिली, ती हातात घेतलेली बाई चार फुटांवर उभी होती. दोघांचंही इंग्रजी मोडकंतोडकं. ते तसंच्या तसं दिलं तर वाचणारा हसेल, म्हणून इथं मराठीत सांगतो.

तिचं गाव नीपर नदीच्या काठचं. तिची आई मात्र आणखी खालच्या, नदीकाठच्या गवताळ रानातल्या गावची. पन्नासच्या दशकात तिथं मोठं धरण झालं आणि ते गाव पाण्याखाली गेलं.

"मी आईच्या पोटात होते," हालिना म्हणाली. "तिनं सफरचंदाची झाडं स्वतः तोडली. तसा हुकूम होता."

सर हळूच म्हणाले, "माझं गावही गेलं. कोयना. मी सात वर्षांचा होतो. आम्हाला सोलापूरकडे माळावर नेऊन टाकलं."

"कोयना," हालिनानं म्हणून पाहिलं. दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा बरोबर आलं. मग विचारलं, "आणि तुमची भाषा? हिंदी?"

"मराठी."

"मराठी," ती म्हणाली, आणि पुन्हा कधी चुकली नाही. तिच्या मुलीनं एकदा सरांना पंजाबी म्हटलं तर तिनं मुलीला फटकारलं. सर खूश होऊन अरुणाला म्हणाले, "बघ, रशियन आजींना जे कळतं ते या ग्रोसरीवाल्यांना कळत नाही."

लढाईत ते धरण फुटलं, पाणी ओसरलं आणि उघड्या पडलेल्या तळावर आता माणूसभर उंच विलोची झाडं आलीत, हेही तिनं सांगितलं. फोनवर फोटो दाखवला. आईचं गाव वर आलं होतं, पण बघायला आई नव्हती. सरांनी तो फोटो बराच वेळ धरून ठेवला.

अरुणा अधूनमधून बेसनाचे लाडू पाठवायची. डबा दुसऱ्या दिवशी घासूनपुसून कुंपणावर परत. सगळं कसं छान चाललं होतं.

ऑगस्टातल्या एका सकाळी सर आणि हालिना कुंपणाशी टोमॅटोच्या रोपांना काठ्या बांधत होते. नात जाई पायरीवर बसली होती. स्वयंपाकघराच्या खिडकीतून अरुणानं नेहमीसारखी हाक मारली, "अहो, रशियन आजींना पण चहा टाकू का?"

हालिनाच्या हातातली सुतळी थांबली.

"प्रोफेसर," ती म्हणाली. "एक विचारू? तुमच्या घरातून हा शब्द रोज येतो. रशियन. तुमच्या भाषेत याचा अर्थ काय?"

आता इथं खरं बोलायला काय लागतं? चूक झाली, माफ करा, एवढंच. पण नकाशे काढून दुनियेला शहाणपण शिकवणाऱ्या माणसाला ते चार शब्द सापडेनात. आणि तोंडातून निघालं ते असं: "रशियन नाही हो! शेजारीण. शे-जा-रीण. म्हणजे नेबर. तुम्हाला ऐकायला तसं आलं असेल."

"शेझारिन," हालिना म्हणाली. तिनं डोळे मिटले, उघडले. "नेबर."

"हो. शेजारीण आजी. आदरानं म्हणतो आम्ही."

खिडकीत अरुणा चमचा हातात धरून उभी होती. जाईनं मान वर केली, "आजोबा, दॅट्स नॉट..." सरांनी डोळे वटारले. पोरगी उठून आत गेली.

दुसऱ्या दिवशी हालिनानं दोघांना आपल्या दाराशी बोलावलं. केसांना नवा रुमाल बांधला होता. हातांवर लाल भरतकामाचा पांढरा पंचा, त्यावर गोल पाव आणि पावाच्या मधोमध खळग्यात मीठ. तिकडची रीत अशी की पावाचा तुकडा मोडायचा, मिठात बुडवायचा आणि खायचा. अरुणा पुटपुटली, "मीठ हातातून घेऊ नये हो, भांडण होतं." सर म्हणाले, "गप्प बस."

"मला तुमची माफी मागायची आहे," हालिना म्हणाली.

सरांना वाटलं, आपण काहीतरी चुकीचं ऐकलं.

"ते लोक माझ्या घरात आठ महिने राहिले. माझ्या पलंगावर झोपले. माझी लोणची खाल्ली. माझा मुलगा लढायला गेला, त्याचं पत्र नाही, प्रेत नाही, काही नाही. मी इथं आले तर कुंपणापलीकडून रोज सकाळी तोच शब्द. मला वाटलं, हे चांगले लोक दिसतात, मग मला हे नाव का ठेवतात? दहा महिने मी मनात तुमचा राग धरला." तिचा आवाज बारीक झाला. "आणि ते लाडू. मी एकही खाल्ला नाही. सगळे खारींना घातले. चांगलं अन्न टाकलं, पाप केलं. काल कळलं की तुम्ही मला शेजारीण म्हणत होतात. मला क्षमा करा."

तिनं पाव पुढे केला.

सरांनी तुकडा मोडला, मिठात बुडवला, तोंडात घातला. समोर ती बाई डोळे पुसत हसत होती, आणि सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. धरणीनं पोटात घ्यावं म्हणतात ना, तसं. पण मिल्टनच्या चिकणमातीला तेवढी माया कुठली! ते कसाबसा घास गिळून "थँक यू, थँक यू" करत घरी आले आणि बाथरूमचं दार लावून बसले.

तिथं त्यांना छाया आठवली. नववीतली, ब्याण्णव सालची. रिकामी जागा भरायच्या ऐवजी तिनं पेपरात लिहिलं होतं: 'युक्रेन आता वेगळा देश आहे, मी वर्तमानपत्रात वाचले.' सरांनी गुण कापला होता आणि तिला वर्गात उभं करून म्हटलं होतं, "पुस्तकात असेल तेच लिहायचं. जास्त शहाणपणा नको." वर्ग हसला होता. पोरगी खाली मान घालून तास संपेपर्यंत उभी राहिली होती. बरोबर कोण होतं, हे सरांना तेव्हाही ठाऊक होतं. हे आठवल्यावर तर त्यांना आरशात बघवेना.

बाहेर आले तर अरुणा डब्यात लाडू भरत होती.

"तुम्ही जाऊन सांगणार, की मी सांगू?"

"अगं, आता तिचं मन शांत झालंय. कशाला पुन्हा..."

"तिचं मन झालंय, की तुमची अब्रू राहिलीय?" अरुणा म्हणाली. "तिचं मीठ खाऊन आलात. त्याला तरी जागा."

जाई जेवणाच्या टेबलावरून म्हणाली, "यू मेक एव्हरीवन से महाराष्ट्र प्रॉपरली, आजोबा." आणि पुन्हा वहीत डोकं घातलं. सरांनी डबा उचलला.

हालिना वाफ्यापाशी बसली होती. सरांनी पेन काढलं नाही, नकाशा काढला नाही. उभ्यानंच सांगितलं की शेजारीण हा खरा शब्द आहे, पण आम्ही तो म्हणत नव्हतो. तुम्ही ऐकलं तेच बरोबर होतं. नाव मीच ठेवलं, युक्रेन माहीत असून ठेवलं, आणि काल खोटं बोललो, कारण मला लाज वाटली. "आत्ता वाटतेय त्याच्या निम्मीसुद्धा नव्हती," ते म्हणाले. "आजचा पाव मी खायला नको होता."

हालिनानं त्यांच्याकडे पाहिलं. राग नव्हता त्या नजरेत. राग परवडला असता. ती उठली, गुडघ्यावरची माती झटकली आणि आत जाऊन दार लावलं. डबा कुंपणावर तसाच राहिला.

दोन दिवस ती दिसली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी सर चोरासारखे टोमॅटोला पाणी घालत होते, तेव्हा पलीकडून मोठा, खणखणीत आवाज आला.

"गुड मॉर्निंग, पंजाबी!"

सरांच्या हातातून पाइप सुटला. हालिना कुंपणाशी उभी होती. तिनं दोन्ही हातांची दहा बोटं वर केली. "दहा महिने मी रशियन. आता दहा महिने तुम्ही पंजाबी. मग फिटलं."

सरांचं तोंड उघडलं. सवयीनं हात खिशातल्या पेनाकडे गेला. पण तो त्यांनी तिथूनच मागे घेतला.

त्या शनिवारी सर, अरुणा आणि हालिना तिघं मिळून बाजारात गेली. भाजीवाल्या गोऱ्या बाईनं कौतुकानं विचारलं की हे तुमच्याबरोबरचे गृहस्थ कोण. हालिनानं सरांच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "माय नेबर. पंजाबी."

अरुणानं नवऱ्याकडे पाहिलं. सरांनी मान खाली घातली. छाया उभी राहिली होती तशीच.

"येस," ते म्हणाले. "पंजाबी."

घरी आल्यावर कुंपणावर लाडवांचा डबा रिकामा होऊन परत आलेला होता. घासलेला नव्हता. आत बेसनाचे कण होते आणि डब्याच्या कडेच्या तुपातून बोट फिरलेलं स्पष्ट दिसत होतं.