पाच नेते, पाच बोटं

राष्ट्रनेते दिनाचा धडा तिसरीच्या बाई सव्वीस वर्षं एकाच पद्धतीने शिकवत आल्या होत्या. पाच नेते, पाच बोटं. अंगठा धरणवाले, मग कायदेवाले, रेल्वेवाले, शाळावाले आणि करंगळी म्हणजे दवाखानेवाले. सनावळ्या पोरं विसरतील, स्वतःची बोटं कशी विसरतील?

शेवटच्या बाकावरची चिमणी मात्र तीही विसरायची. पालथ्या घड्यावर पाणी, असं बाकीचे शिक्षक म्हणत. बाई हट्टाला पेटल्या. दोन महिने मधल्या सुट्टीत तिचं एकेक बोट धरून बसल्या आणि एका शुक्रवारी पोरीने पाचही नेते न अडखळता सांगितले. बाईंना इतका आनंद झाला, की त्यांनी अख्ख्या स्टाफरूमला चहा पाजला.

सोमवारी वरून पत्र आलं. यंदापासून नेते चारच. दवाखानेवाल्यांच्या पानावर कोरा कागद चिकटवावा. का, ते विचारायची सोय असती तर काय हवं होतं! डिंकाच्या बाटल्या निघाल्या, पोरांना तर मजाच वाटली. चिमणी त्या दिवशी तापाने घरी होती आणि बाईंच्या ते ध्यानातच राहिलं नाही.

गुरुवारी तपासणीचे साहेब आले. “राष्ट्रनेते कोण सांगेल?”

चिमणीने हात वर केला. जन्मात पहिल्यांदा.

“धरणवाले, कायदेवाले, रेल्वेवाले, शाळावाले आणि दवाखानेवाले!”

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. “हे पाचवे कोणी शिकवले?”

याच प्रश्नावर शेजारच्या शाळेतल्या गुरुजींना कायमचं घरी बसवलं होतं. बाईंच्या घरी अंथरुणाला खिळलेला नवरा होता.

“मी नाही, साहेब. ही पोरगी जरा मंद आहे, मनाचंच काहीतरी बोलते. चिमणे, असं कोणी नव्हतंच. बस खाली.”

टोपण परत लागलं. बाई वाचल्या आणि त्यांना स्वतःची किळस आली.

शाळा सुटल्यावर चिमणी टेबलाजवळ आली. रडली असती तर बाईंना बरं वाटलं असतं.

“बाई, मला तर आठवतं, तुम्हीच शिकवलं होतं,” ती हळूच म्हणाली. “मला असं खोटंच आठवतं का हो?”

साहेब अजून दारातच हेडमास्तरांशी बोलत उभे होते.

“हो,” बाई म्हणाल्या.