एमेट स्लोनकडे राहिलेला ट्रे

मी एक जुना काचेचा ट्रे आहे. चहाचे कप ठेवतात तो नव्हे, मित्रांनो. ओव्हनमध्ये घालतात तो. खोलगट, जाडजूड, दोन्ही बाजूंना कान. माझा जन्म ओहायोतल्या एका कारखान्यात झाला, आणि तिथली भट्टी अशी होती की पुढे आयुष्यात एकही ओव्हन मला गरम वाटला नाही. तिथून मी केंटकीच्या डोंगरात, ओपल स्टिडमच्या लग्नात अहेर म्हणून आलो. माझ्यासारखे आणखी दोघे त्याच दिवशी आले होते. ते पुढे दुसऱ्यांच्या लग्नांत अहेर म्हणून गेले आणि बहुधा अजून फिरत असतील. मी राहिलो, कारण माझ्यावरचा रंगीत कागद ओपलने घाईत फाडला होता. थोर कारणं सगळ्यांच्याच नशिबी नसतात.

ओपलने माझ्या पाठीला चिकटपट्टी लावून तिच्यावर आपलं नाव आणि गाव लिहिलं. आमच्या पायनी फोर्कमध्ये चिकटपट्टीशिवाय ट्रे घराबाहेर पडत नाही. कुणी गेल्याचं कळलं की आमच्याकडे आधी ओव्हन पेटतो, मग डोळे भरून येतात. बाळ झालं, छप्पर उडालं, चर्चमध्ये नवा पाद्री आला, की निघाला ट्रे. आणि गेलेला ट्रे घासूनपुसून परत येतो, पण रिकामा कधीच नाही. निदान परसातले टोमॅटो तरी आत असतात. रिकामा ट्रे परत करणारं एक घर गावात होतं. घर आता पडलं, बोलणं अजून उभं आहे.

माझी खासियत पीचचं कॉब्लर. खाली साखरेत मुरलेल्या पीचच्या फोडी, वर लोण्यातल्या पिठाचं खरपूस पांघरूण. ओपल फोडी करायची तेव्हा रेडिओवर गवय्या एमेट स्लोन असायचा. एमेट लागला की स्वयंपाकघरात बोलायची बंदी होती. पाण्याच्या नळालासुद्धा. तिचा नवरा हर्शेल याची एमेटबद्दल काही तक्रार नव्हती. गाणं सुरू झालं की तो फक्त ट्रॅक्टर दुरुस्त करायला जायचा. सगळ्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, आमच्याइतका सुरळीत चालणारा ट्रॅक्टर दुसरा नव्हता.

मग एका उन्हाळ्यात जाहीर झालं की काउंटीच्या जत्रेत खुद्द एमेट स्लोन येणार. ओपलने पीच सोलायला घेतले.

"अगं, तो गायला येतोय," हर्शेल म्हणाला. "त्याच्या घरी कुणी वारलेलं नाही."

तिने त्याच्याकडे पाहिलं, तसा तो ट्रॅक्टरकडे गेला. फोडी करता करता रेडिओवर एमेटचं 'नदीपलीकडचा दिवा' लागलं. ओपलचे हात चालत होते, पण ती स्वतः नदीपलीकडे पोचली होती. मी खालून सगळं पाहत होतो. बोलायची सोय असती तर तेव्हाच बोललो असतो.

जत्रेत मी तिच्या मांडीवर होतो, फॉइलखाली, टॉवेलमध्ये गुंडाळलेला. डाव्या हाताला डुकरांच्या स्पर्धेचा निकाल ऐकवत होते, उजवीकडे कुणीतरी मक्याची कणसं भाजत होतं. आणि एमेट आला. उंच, वाळका, साध्या करड्या सुटात. त्या काळी गवय्ये अंगभर चकाकणारे खडे लावून येत. हा जणू बँकेत कर्ज मागायला निघाला होता. त्याने उडी मारली नाही, टाळ्या मागितल्या नाहीत. टोपी किंचित मागे सारली आणि गायला लागला.

मित्रांनो, मी काचेचा आहे. आवाज बरोबर लागला की माझी कड थरथरते, आणि तिथे खोटं चालत नाही. त्या दिवशी ती पहिल्या ओळीपासून थरथरत होती. हा माणूस गाणं म्हणत नव्हता, कुंपणापाशी उभं राहून शेजाऱ्याला काहीतरी सांगत होता. दुःखाच्या ओळीला आवाज चढवायचा सोडून तो तिथे आवाज खाली आणायचा, आणि हजारभर माणसं ऐकायला पुढे झुकायची. फिडल, म्हणजे गावठी व्हायोलिन, त्याच्या मागे मागे चालायचं, ओळखीचं कुत्रं चालतं तसं. मधेच एक तान्हं बाळ रडू लागलं. एमेट थांबला, बाळाचं होऊ दिलं, आणि त्याच सुरात पुढची ओळ उचलली. आईवरच्या गाण्याआधी त्याने टोपी काढली, तशा साऱ्या मैदानातल्या टोप्या उतरल्या. ओपल हसत होती आणि तिच्या हनुवटीवरून काहीतरी माझ्या फॉइलवर टपटपत होतं. इतकं सुखी माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं. ओव्हनबाहेर तर नाहीच.

कार्यक्रमानंतर तो बसपाशी उभा राहून एकेकाचा हात हातात घेत होता. ओपलने आठवडाभर भाषण पाठ केलं होतं. समोर गेल्यावर त्यातलं एवढंच निघालं: "पीच आहेत. घरचे."

एमेटने मला दोन्ही हातांनी घेतलं, वास घेतला, म्हणाला, "बाई, आज बसमध्ये भांडणं होणार."

आणि बस निघाली. चूक तेव्हा लक्षात आली. असल्या प्रसंगी लोक टाकाऊ पत्र्याचा ट्रे देतात. पण एमेट स्लोनला टाकाऊत देणं ओपलच्या स्वप्नातही आलं नसतं, आणि दिलेला ट्रे मागून घेणं तर आमच्याकडे कुणाच्याच नाही.

माझी बसमधली वर्षं सुरू झाली. एमेट आणि त्याचा ड्रायव्हर डूली यांनी मला टेनेसीच्या हद्दीआधीच रिकामं केलं. डूलीने मला धुतलं, पाठ वाचली आणि पोस्टाने पाठवून देऊ म्हणाला.

"रिकामा?" एमेट म्हणाला. "माझी आई कबरीतून उठून येईल."

त्याला स्वयंपाक येत नव्हता. विकतचं घालणं त्याला पटत नव्हतं. एकदा घरी त्याने स्वतः कॉब्लर केलं. डूलीने ते कुत्र्याला घातलं. कुत्रं सभ्य होतं, त्याने ते पुरलं. असा मी दोन्हीकडच्या सभ्यपणात अडकलो. माझ्यात गिटारच्या तारा, खोकल्याच्या गोळ्या आणि कुणाच्या तरी किल्ल्या राहू लागल्या. हा अपमान मी सहन केला, कारण संध्याकाळ झाली की मंचामागे माझी कड थरथरायची.

एक गोष्ट मात्र सलायची. तो घराबद्दल गायचा, आईबद्दल, दिलेल्या शब्दाबद्दल. आणि तिथेच फळीवर मी बसलेलो, त्याच्याविरुद्धचा पुरावा होऊन. गावी काय चाललं असेल ते मला कळत होतं. ओपलची नणंद नेल्डा, जी कॉब्लरला डब्यातले पीच वापरते, ती प्रत्येक चर्चच्या जेवणात विचारायची, "अगं, आला का तुझा ट्रे?" ओपल ठरलेलं उत्तर द्यायची, "येईल. त्या आवाजाचा माणूस ट्रे ठेवून घेत नाही." बाकीच्या हसायच्या. पण ते हसू नुसतं ट्रेवर नव्हतं, मित्रांनो. तिने आयुष्यभर ज्या आवाजावर विश्वास ठेवला, तो खरा की नुसताच गोड, एवढंच त्या ट्रेवर टांगलेलं होतं.

केस पांढरे झाल्यावर एमेट पुन्हा आमच्या जत्रेत आला. गर्दी कमी होती. तरुण मंडळी पलीकडे चिखलात गाड्या ओढण्याची शर्यत पाहत होती. ओपल पहिल्या रांगेत, शेजारी नेल्डा, पलीकडे हर्शेल. त्याला आता कमी ऐकू येत असल्यामुळे तो आनंदाने आला होता. एमेटचा आवाज बारीक झाला होता. उंच जागा त्याला जमेनात, तिथे तो सरळ बोलायचा. माझी कड मात्र पहिल्यापेक्षा जास्त थरथरली. का, ते काचेला विचारू नका.

शेवटच्या गाण्याआधी तो आत आला, मला उचललं आणि मंचावर नेलं. मी भरलेला होतो. टपोऱ्या, केसाळ, लालसर पीचनी.

"इथे ओपल स्टिडम आहेत का?" त्याने विचारलं.

ओपल उभी राहिली. नेल्डाही, न बोलावता.

"ओपलबाई, तुमच्या कॉब्लरने माझा एक दात घेतला. आत बी होती."

साऱ्या माना ओपलकडे वळल्या. आमच्या काउंटीत बाईच्या कॉब्लरमध्ये बी निघणं म्हणजे पाद्र्याच्या खिशात पत्ते निघणं. नेल्डाचा चेहरा उजळला.

"ती बी मी परसात लावली," एमेट म्हणाला. "दोनदा कडाक्याच्या थंडीने मारलं, एकदा डूलीने झाड गाडीखाली घेतलं. यंदा पहिल्यांदा भरपूर आले. रिकामा कसा आणणार होतो?"

ओपल कानांपर्यंत लाल झाली होती. पण आवाज खणखणीत निघाला. "फोडी करताना तुमचंच गाणं लागलं होतं हो. दात तुमच्याच नावावर टाका."

सगळ्यात मोठ्याने डूली हसला. मग एमेटने माइक बाजूला सारला, मंचाच्या कडेला येऊन बसला, मला ओपलच्या मांडीवर दिलं आणि 'नदीपलीकडचा दिवा' तसंच म्हटलं, कुंपणापाशी म्हणावं तसं. हर्शेलने एका कानामागे हात धरला. गाणं संपल्यावर तो ओपलला म्हणाला, "बरा गातो की. आधी का नाही सांगितलंस?"

दुसऱ्या दिवशी बस निघण्याआधी ओपल पुन्हा तिथे हजर होती. हर्शेलने पत्र्याचा ट्रे सुचवून पाहिला होता. त्याची लगेच ट्रॅक्टरकडे रवानगी झाली होती. आता मी बसमध्ये आहे, गरम, काठोकाठ, पाठीला नवी चिकटपट्टी.

मित्रांनो, दुसऱ्याचं भांडं जपा आणि ते रिकामं परत करू नका. आणि ज्या गाणाऱ्याने तुमचं स्वयंपाकघर वर्षानुवर्षं भरलं, त्यालाही रिकामं परत पाठवू नका. काही नाही तर पुढे झुकून ऐका. आमच्यासारख्या भांड्यांनासुद्धा तेवढं जमतं.

आणि खाताना दात जपा. सकाळी फोडी करताना रेडिओ बंद होता, ओपल स्वतःच गुणगुणत होती, आणि तिचा हात अगदी स्थिर होता. तरी माझ्या डाव्या कोपऱ्यात, पांघरुणाखाली, काहीतरी टणक आहे. आणि या वेळी ते चुकून पडलेलं नाही.