बांधावरची सुबाभूळ

शेषेरावानं सुबाभळीची फांदी कोयत्यानं छाटली आणि खाली टाकली. खाली आरती पाल्याच्या पेंढ्या बांधत होती. लातूरच्या क्लासला सुट्टी होती म्हणून लेक गावी आली होती, आणि म्हैस उपाशी होती म्हणून बाप पार्वतम्माच्या झाडावर चढला होता.

यंदा पावसानं पाठ फिरवली. शेषेरावाच्या रानात सोयाबीन करपून गेलं, गावात कडब्याची काडी उरली नाही. शेजारच्या पार्वतम्माच्या बांधावर मात्र सुबाभूळ हिरवी होती, शेवग्याला शेंगा लोंबत होत्या. भूकंपात घर आणि नवरा दोन्ही गेल्यावर तिनं ही झाडं लावली. पत्र्याच्या शेडात राहून, घागरीनं पाणी घालून जगवली.

"अजून वरची घे," पार्वतम्मा खालून म्हणाली. "गाभण हाय तुझी म्हैस. पाला कमी पडू देऊ नको."

शेषेरावानं वरची फांदी धरली. तिच्या तोंडाकडं बघायचं तो सकाळपासून टाळत होता.

आरती बांधाकडं बघत उभी राहिली.

"अम्मा, आमच्या बाजूची रांग कुठं गेली? लई दाट होती की."

कोयता फांदीतच अडकून राहिला. सावलीनं पीक मरतंय म्हणून शेषेरावानं मागं चावडीवर, चारचौघांत, म्हातारीला नाही नाही ते बोल लावले होते. ती हो म्हणायच्या आत माणसं लावून रांग आडवी केली होती. आरती तेव्हा लातुरात होती.

पार्वतम्मानं पदर सारखा केला.

"वाळली, बाई," ती म्हणाली. "काही झाडं वाळतेत."

शेषेरावाला खाली उतरायला फार वेळ लागला.

म्हातारीनं आरतीच्या ओढणीत शेवग्याच्या शेंगा घातल्या. डोक्यावर भारा घेऊन शेषेराव पुढं निघाला. बांध ओलांडताना आरती रांगेच्या उरलेल्या खोडांपाशी थबकली.

"अण्णा."

"हां."

"खोडाला कोंब आलेत. वाळलेल्या झाडाला येतेत का?"

त्यानं भारा पुढं ओढला. पाला कपाळावरून डोळ्यांवर आला. वाट दिसेना, तरी त्यानं तो मागं सारला नाही.

"वाळली न्हवती," तो म्हणाला. "म्या तोडली."

आरती त्याला ओलांडून पुढं झाली. पाल्याखालून त्याला तिच्या चपला तेवढ्या दिसत होत्या. त्यांच्या मागं तो चालत राहिला.