नऊ नंबरचं घर

पाहुणे दारात बूट काढत होते, तेवढ्यात सुनेत्रानं टेबलावरचा लॅपटॉप उचलला, आतल्या खोलीत नेऊन कपाटात ठेवला आणि कपाटाचं दार लावून घेतलं. का, असं त्या क्षणी कुणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. विचारलं कुणीच नाही. सोफ्यावर पाय मुडपून बसलेल्या आरुषीनं तेवढी मान वर करून आईकडे पाहिलं.

"किया ओरा," असा माओरी नमस्कार करत तामाती आत आला. न्यूझीलंडच्या मूळच्या माओरींपैकी, धिप्पाड माणूस, पण दारातून येताना अंग चोरून आला. जमिनीखाली पाइप टाकायची कामं करायचा तो. मागोमाग त्याची बायको मेरे. ती एका शाळेत लहान मुलांना शिकवायची. तिनं घरच्या झाडाच्या फिजोआ फळांनी भरलेली पिशवी सुनेत्राच्या हातात दिली.

"अगं, एवढ्या कशाला?" सुनेत्रा सवयीनं मराठीत बोलून गेली आणि मग हसून इंग्रजीवर आली.

पॅडक या त्यांच्या वसाहतीची रीतच तशी होती. हॅमिल्टन शहराच्या बाहेर, पूर्वी जिथं गाई चरायच्या त्या कुरणावर चौदा घरं उभी होती. घरांना कुंपणं नाहीत. दारांना कुलपं होती, पण ती कुणी लावत नसे. मधे सगळ्यांचं मिळून एक मोठं स्वयंपाकघर, आणि रविवारी रात्री सगळे एका पंगतीला. घर रिकामं झालं की नव्या माणसांनी आधी प्रत्येकाकडे चहाला यायचं आणि मग सगळ्यांनी मिळून ठरवायचं. आता नऊ नंबरचं घर रिकामं झालं होतं. हे सगळं ज्यांनी सुरू केलं त्या हेलनबाई निवृत्त शिक्षिका होत्या. त्या म्हणायच्या, "पन्नास वर्षांनी सगळं जग असंच राहणार आहे. आपण फक्त आधी पोचलोय."

सुनेत्राला ते मनापासून पटलेलं होतं.

आल्याचा चहा झाला, पोहे झाले. मेरेनं दुसऱ्यांदा वाढून घेतले. मग तामातीनं कप खाली ठेवला. "एक गोष्ट प्रत्येक घरी सांगतोय. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेली बरी. एकोणीस वर्षांचा असताना मी एका घरात घुसून चोरी केली होती. तुरुंगात होतो. त्याला आता वीस वर्षं झाली."

सुनेत्राचा नवरा रवींद्र म्हणाला, "सांगितलंत, बरं वाटलं." सुनेत्रानंही मान हलवली.

ते गेल्यावर आरुषी कपबश्या उचलायला आली. पंधरा वर्षांची पोर. मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीत. "मम, हाऊ डिड यू नो?"

"काय?"

"लॅपटॉप. यू मूव्ह्ड इट बिफोर ही टोल्ड अस."

सुनेत्रानं नळ मोठा सोडला आणि भांडी घासत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती खुरपं आणायला सामायिक शेडकडे गेली, तर कडीला नवंकोरं पितळी कुलूप. ती तिथंच उभी राहिली. पलीकडे वाफ्यात अनिरुद्ध पाणी घालत होता. पॅडकमधलं दुसरं मराठी घर त्याचं. पुण्याचा, कॉम्प्युटरवाला, अडीअडचणीला धावून येणारा.

"किल्ली माझ्याकडे आहे सुनेत्राताई. देऊ?"

"कुलूप कुणी लावलं?"

"मीच. हेलनला विचारून. नाही, म्हणजे, ड्रिल गेलं होतं ना." त्यानं पाइप दुसऱ्या झाडाकडे वळवला. "माझं काही नाही हो. माणूस चांगलाच वाटला मला. पण मुलं असतात इकडे खेळत. आणि ते दोघंच थोडीच असणार, त्यांचे भाऊ, मित्र, सगळे येणार. तुम्हाला कळतंय ना मी काय म्हणतोय?"

कळत होतं. शब्दच ओळखीचे होते.

लग्न झालं त्या वर्षी ती आणि रवींद्र कर्वेनगरात खोली बघायला गेले होते. येरवड्याच्या एका खोलीत आठ माणसांत वाढलेली सुनेत्रा तेव्हा नुकतीच एका प्रयोगशाळेत लागली होती. घरमालकीण अगदी सालस. पाण्याचा तांब्या पुढे केला, गॅलरी दाखवली, तुळस दाखवली. मग आडनाव विचारलं. "ओव्हाळ," रवींद्र म्हणाला. "बरं बरं," बाई म्हणाल्या, आणि थोडं थांबून, "आमचं काही नाही हो. पण सासूबाई जुन्या वळणाच्या आहेत." भांडण नाही, अपमान नाही. जिना उतरताना रवींद्र म्हणाला होता, "गॅलरी छान होती."

इथं आल्यावर 'ते रापा' नावाच्या उपनगरातल्या दूध पावडरच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत पहिल्याच दिवशी साहेबानं तिचं आडनाव वाचलं आणि विचारलं, "ओव्हल? म्हणजे क्रिकेटचं मैदान?" सुनेत्रा इतकी हसली होती की त्याला काही कळेना. आपलं आडनाव म्हणजे नुसतं एक मैदान! घरी येऊन तिनं रवींद्रला सांगितलं, तेव्हा तोही हसला.

"किल्ली नको," ती अनिरुद्धला म्हणाली आणि हातानंच तण उपटायला लागली.

पुढच्या रविवारी जेवणं झाली, टेबलं पुसली, आणि हेलननी सगळ्यांना कार्डं वाटली. हिरवं म्हणजे संमती, पिवळं म्हणजे शंका, लाल म्हणजे नकार. लाल कुणीच उचललं नाही. पॅडकमध्ये कधीच कुणी लाल उचललं नव्हतं. पण एकेक करत पिवळी कार्डं वर आली. कुणाला मुलांची काळजी होती, कुणाला विम्याची. प्रत्येकाचं स्वतःचं काहीच म्हणणं नव्हतं.

"आपण घाई नको करू या," हेलन समजुतीनं म्हणाल्या. "काही महिने त्यांना पाहुणे म्हणून बोलावू, ओळख वाढू दे. सुनेत्रा, तुझं कार्ड?"

तिची तिन्ही कार्डं मांडीवर तशीच होती. मीटिंगमध्ये ती फारशी बोलत नसे. ही माणसं तिची होती. रवींद्रचं ऑपरेशन झालं तेव्हा याच माणसांनी महिनाभर डबे दिले होते. त्यांच्यात बसून आपणच वाकडं बोलायचं, हे तिला जड जात होतं.

"आम्हाला घर देताना ओळख वाढेपर्यंत थांबला होतात का?" तिनं विचारलं.

हेलन आपलं पिवळं कार्ड बोटांत फिरवायला लागल्या.

"शेडमधलं ड्रिल गेल्या हिवाळ्यात गेलं. आपण म्हणालो, नेलं असेल कुणीतरी, आणेल परत. उन्हाळा आला आणि गेला, शेड उघडीच होती. तामाती इथं पहिल्यांदा आला मागच्या शनिवारी. कुलूप लागलं रविवारी."

अनिरुद्धनं मान खाली घातली.

"त्याला एकट्याला बोलत नाहीये मी," सुनेत्रा म्हणाली. "मी तर त्याच्याही आधी. ते दोघं दारात बूट काढत होते, आणि मी लॅपटॉप नेऊन कपाटात ठेवला. त्यानं अजून काही सांगितलंही नव्हतं. काय बघून ठेवला मी? माझ्या बाबतीत लोकांनी आयुष्यभर हेच केलं आणि माझ्याच हातानं..." तिनं हिरवं कार्ड उचललं आणि वर धरून बसली.

कुठंतरी खुर्ची करकरली. रवींद्रनं हिरवं उचललं. हेलनचा चेहरा लाल झाला होता. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, आणि आपलं पिवळं कार्ड पालथं घालून हिरवं उचललं. मग बाकीच्यांनी. अनिरुद्धचं सगळ्यात शेवटी आलं, पण आलं.

मंगळवारी कामावरून परतताना गाडीत मेरेचा फोन आला. सुनेत्रानं गाडी कडेला घेतली.

"हेलन म्हणाली, तुम्ही सगळे तयार झालात," मेरे म्हणाली. "तू बोललीस म्हणे."

"हो. मग? कधी येताय?"

"आम्ही येत नाही, सुनेत्रा."

रस्त्यावरून दुधाचा टँकर धडधडत गेला.

"रागावलीस?" सुनेत्रानं विचारलं.

"नाही गं. दमलेय. उद्या तुमच्याकडे एखादा चमचा जरी हरवला, तरी तामाती आधी स्वतःची गाडी उपसून दाखवेल. कुणी म्हणायच्या आत. मी ओळखते त्याला. चांगल्या माणसांत राहून त्याला रोज असं करताना मला नाही बघायचं. गावात पश्चिमेकडे एक घर मिळालंय, शनिवारी हलतोय."

सुनेत्राला तिची समजूत घालायची होती. आता बदललंय सगळं, सगळ्यांनी हिरवी कार्डं दाखवली, असं सांगायचं होतं. पण कर्वेनगरच्या त्या बाईंनी जिन्यातून परत बोलावलं असतं तर आपण गेलो असतो का, ते तिचं तिलाच ठाऊक होतं.

"सामान हलवायला माणसं हवीत?" तिनं विचारलं.

मेरे पहिल्यांदाच हसली. "हवीत तर!"

शनिवारी रवींद्र, आरुषी आणि ती गेले. अनिरुद्धनं त्याचा ट्रेलर दिला. स्वतः आला नाही, पण दोर, ताडपत्री सगळं नीट बांधून दिलं होतं. गल्ली साधी होती. एकसारखी बैठी घरं, पुढं गवताचा तुकडा. रवींद्र आणि आरुषी खोकी आत नेत होते, आणि आतून मेरे कुठलं कुठं ठेवायचं ते ओरडून सांगत होती.

तामाती आणि सुनेत्रानं मोठी गादी दोन टोकांना धरून उचलली. तेवढ्यात समोरच्या घराच्या खिडकीतला पडदा हलला. तामातीनं आपलं टोक गुडघ्यावर टेकवलं, एक हात उंच केला आणि मोकळ्या आवाजात म्हणाला, "किया ओरा, नेबर!"

उत्तर आलं नाही.

"रोज म्हणायचं," तो सुनेत्राला म्हणाला, एखाद्या कामाची पद्धत समजावून सांगावी तसं. "साधारण महिनाभरानं उत्तर येतं. मागच्या घरी दोन महिने लागले होते."

त्यानं गादी पुन्हा उचलली. सुनेत्रा पाठमोरी चालत दाराकडे निघाली, त्यामुळे गल्ली तिच्या समोर होती. त्या पडद्याच्या कडेला कुणाची तरी म्हातारी बोटं होती, कापड घट्ट धरलेली. उंबरठा ओलांडेपर्यंत तिला ती दिसत राहिली.