डाळिंबी ठिपक्यांच्या चाळीस बंदुका

बंदूक झाडली की तिला धक्का बसतो, आणि तो सगळ्यात आधी बारीक स्क्रूंना कळतो. नेम धरायच्या पट्टीचे दोन, दस्त्याखालचा एक. वीस-पंचवीस गोळ्या झाल्या की ते हळूच फिरायला लागतात. पट्टी केसभर हलली की गोळी हातभर सरकते. पहारेकरी दलाच्या शस्त्रागारात मी सव्वीस वर्षं मिस्त्री आहे, त्यामुळे मला हे ठाऊक. मोठ्या साहेबांना ते गेल्या वर्षी कळलं, त्यांची गोळी शेजारच्याच्या लक्ष्यात जाऊन बसली तेव्हा.

साहेबांनी त्याच दिवशी आदेश काढला. प्रत्येकाने आपल्या बंदुकीचे सर्व स्क्रू सकाळ-संध्याकाळ घट्ट करावेत आणि तशी वहीत सही करावी.

दीडशे माणसं, दोन वेळा. हाताला येईल तो स्क्रू ड्रायव्हर. एकजण तर चाकूच्या टोकानं पिळायचा. महिन्याभरात स्क्रूंच्या डोक्यावरच्या खाचा झिजून वाट्या झाल्या, काहींचे आटे गेले. स्क्रू होते त्याहून सैल झाले. वहीतली सही मात्र एकही चुकली नाही.

त्या दिवसांत आमची ही अंथरुणाला खिळलेली होती. तिच्या चष्म्याची दांडी सारखी निखळायची आणि मी ती घट्ट करून द्यायचो. एकदा वैतागून म्हणाली, "अहो, दीडशे बंदुका सांभाळता म्हणे, आणि माझा एवढुसा चष्मा सांभाळता येत नाही होय?"

"रोज तर पिळतो."

"पिळायला ते काय धुणं आहे? आणा इकडे."

तिनं स्क्रू काढायला लावला, पुसला, नेलपॉलिशचा एक थेंब लावला आणि माझ्याकडून परत बसवून घेतला. "आता उद्यापर्यंत हात लावायचा नाही. तुम्हाला दम निघणार नाही, म्हणून माझ्याच उशाशी राहू दे."

ती दांडी पुन्हा हलली नाही. दोन महिन्यांनी ही गेली. माणूस गेलं, स्क्रू जागच्या जागी.

रजा संपल्यावर मी तिची बाटली खिशात घालून कामावर गेलो. स्पिरिटनं तेल पुसायचं, आट्यांना थेंब लावायचा, स्क्रू बसवायचा. वरून स्क्रूच्या डोक्यावर एक ठिपका आणि तिथून बाजूच्या लोखंडावर बारीक रेघ ओढायची. रेघ तुटलेली दिसली की समजायचं, स्क्रू फिरला. चाळीस बंदुका झाल्या आणि बाटली संपली. रंग डाळिंबी होता.

तपासणीला साहेब थबकले. "मिस्त्री, ही बंदूक आहे की नवरी?"

"बंदूक आहे, साहेब."

"मग नटवलीय कशाला?"

"स्क्रू सैल होऊ नयेत म्हणून."

"त्यासाठी माझा आदेश आहे ना!"

"त्यामुळेच लावावं लागलं, साहेब."

रांगेतले सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले. पण दुपारी नेमबाजी झाली. चाळीस बंदुकांनी लक्ष्य सोडलं नाही. उरलेल्या एकशेदहांच्या गोळ्या मैदानभर फिरून आल्या. संध्याकाळी साहेब म्हणाले, "पद्धत बरी आहे. फाइल करा."

फाइल आमच्या हेडक्लार्ककडे. त्याला सगळे परिशिष्ट म्हणतात, कारण चहाची मागणी लिहिली तरी तो तिला एक परिशिष्ट जोडतो. माझी सही घ्यायला त्यानं अर्ज पुढे केला. 'सूचना करणाऱ्याचे नाव' या रकान्यात मोठ्या साहेबांचं नाव होतं.

"हे बरोबर नाही," मी म्हणालो. "सूचना माझ्या बायकोची आहे."

"त्या कुठल्या विभागात?"

"ती वारली."

"मग हुद्दा काय लिहू? मयताला हुद्दा नसतो, मिस्त्री. बरं, तुमचं घालू का? बढतीला उपयोग होईल."

"माझं कशाला? मी तर पिळत बसलो होतो."

मी सही केली नाही. मिस्त्रीच्या सहीशिवाय फाइल पुढे सरकत नाही. तीन आठवडे जो तो येऊन शहाणपण शिकवून गेला. "एका नावासाठी अडून बसलाय राव." तिचं नाव तोवर दवाखान्याच्या कागदांवर होतं आणि मग मृत्यूच्या दाखल्यावर. तिनं काही चांगलं केलं असं सांगणारा कागद एकही नव्हता. मला तो एक हवा होता.

शेवटी नेमबाजीची स्पर्धा तोंडावर आली आणि एकशेदहा बंदुका अजून तशाच होत्या, तेव्हा साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. "काय नाव त्यांचं? लिहून टाका."

चौतीस वर्षं मी तिला 'अगं' म्हणत आलो. नाव तोंडातून जेमतेम निघालं.

"जरा मोठ्यानं," परिशिष्ट म्हणाला.

मी नाव दुसऱ्यांदा घेतलं. हुद्द्याच्या रकान्यात साहेबांनी विचार करून 'मानद सल्लागार' लिहायला लावलं. मी सही केली.

दहा दिवसांनी घरी पाकीट आलं, तिच्या नावानं. 'महोदया, आपण सुचवलेल्या पद्धतीचे प्रात्यक्षिक दाखवण्यासाठी सोमवारी अकरा वाजता मंजुरी समितीपुढे समक्ष हजर राहावे. नेलपॉलिश स्वतःचे आणावे. गैरहजर राहिल्यास कारण लेखी कळवावे. सोबत परिशिष्ट अ ते ड.'

मी पाकीट घेऊन हेडक्लार्ककडे गेलो. "अरे बाबा, ती गेली हे तुला सांगितलंय ना?"

"मला सांगितलंय. फाइलवर कुठंय?" त्यानं चष्मा वर केला. "दाखला जोडा, मी लगेच नाव वगळतो. मग साहेबांचं घालू, प्रश्न मिटला."

दाखला माझ्या पिशवीतच होता. मी पिशवीचं तोंड आवळलं. मग त्याच्याच टेबलावरचा कागद ओढला आणि लिहिलं, 'सोमवारी येणे जमणार नाही. कृपया पुढची तारीख द्यावी.'

त्यानं वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि पोच दिली.

समितीनं पुढची तारीख दिली. मग त्याच्या पुढची. मंजुरी येईपर्यंत प्रायोगिक तत्त्वावर म्हणून उरलेल्या एकशेदहा बंदुकांना मी नव्या बाटलीनं ठिपके लावून टाकलेत. काल चौथं पाकीट आलं. पोस्टमन दारातून तिचं नाव घेऊन विचारत होता, "आहेत का घरात?"

मी म्हणालो, "द्या इकडे. मी देतो तिला."